उपरी आणि मिरासदार

मराठीत आज नवे शब्द कोठे जन्मास येतात, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने कोशांच्या कपाटांपुढे वेळ न दवडता, जळगावला मूळजी जेठा महाविद्यालयाच्या फाटकाशी किंवा धुळ्याच्या बसस्थानकाच्या आवारात, पारोळ्याकडे अथवा शिरपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत थांबलेल्या विद्यार्थ्यांच्या घोळक्याजवळ, संध्याकाळी घटकाभर उभे राहावे. एकाला एका विषयात ‘केटी लागलेली’ असते. दुसरा शिष्यवृत्तीच्या अर्जाकरिता कचेरीत कोणापाशी तरी ‘फिल्डिंग लावून’ आलेला असतो. तिसऱ्याचे डोके वाचून वाचून ‘हँग झालेले’ असते. चौथा घरी पोचताच ‘मिस कॉल मारतो’ असे आश्वासन देत असतो. आणि या साऱ्या संभाषणाचा ज्याला उलगडा होत नाही, त्याच्याविषयी ‘याला रेंजच येत नाही’ असा एकमुखी निवाडा दिला जातो. वडीलधारी मंडळी हे ऐकतात आणि विषण्ण होतात. त्यांच्या विषादाच्या मुळाशी भाषेचे प्रेम आहे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही किंतु नाही. तथापि या बोलण्याकडे जितके निरखून पाहावे, तितका त्यात ऱ्हास न दिसता, फार जुन्या काळापासून या मुलखात अखंड चालत आलेला एक व्यवहार दिसू लागतो, आणि त्या व्यवहाराविषयी मला काही सांगावयाचे आहे.

प्रथम ‘केटी’च घ्यावी. विद्यापीठाच्या नियमात जी गोष्ट विद्यार्थ्याला दिलेली सवलत आहे, म्हणजे काही विषय अनुत्तीर्ण राहिले तरी पुढील वर्गात जाण्याची मुभा, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून हे नाव निघाले. पण आमच्या मुलांनी त्याला जे क्रियापद जोडले ते ‘मिळणे’ नाही. ठेच लागते, दृष्ट लागते, साडेसाती लागते, तशी केटी लागते. नियमकर्त्याने जिला अनुज्ञा म्हटले तिला भोगणाऱ्याने पीडा म्हटले, आणि ही सारी टीका एका मराठी क्रियापदाने, भाष्याचा एक शब्दही न उच्चारता, केली. ‘फिल्डिंग’ हा शब्द क्रिकेटच्या मैदानावरचा. परंतु सापळा लावावा, वशिला लावावा, त्या ओळीत तो ‘लावणे’ या धातूच्या आश्रयाला येऊन बसला, आणि एके काळी अरबीतून आलेल्या वशिल्याने चालविलेले काम आता तो पाहू लागला. ‘मिस कॉल’चे तर काय सांगावे! इंग्रजीत तो हुकलेला, अनवधानाने राहून गेलेला निरोप. आपल्याकडे तो बुद्ध्या ‘मारला’ जातो, पैसा खर्च न करता खूण पोचविण्याची ती एक युक्ती असते. नाम परके, क्रिया आपली, अशी ही वाटणी प्रत्येक ठिकाणी आढळते. आणि वाक्यात राज्य कोणाचे चालते, हे नामावरून ठरत नाही, ते क्रियापदावरून ठरते.

हीच वाटणी फारसीच्या अंमलात झाली होती. कबूल करणे, जमा करणे, सुरू करणे, बंद करणे, तजवीज लावणे, फिर्याद देणे: यांतील पहिला शब्द दरबारातून आला आणि दुसरा आपल्या घरचा आहे. त्यांतले काही तर आणखी एक पाऊल पुढे गेले आणि स्वतःच धातू होऊन बसले. खर्चणे, बदलणे, गुजरणे, फर्मावणे ही क्रियापदे उच्चारताना आज कोणालाही परकेपणाची चाहूल लागत नाही.

खान्देशात हा व्यवहार इतर प्रांतांहून अधिक दाट झाला, याला भूगोल आणि इतिहास दोन्ही कारण आहेत. तापीचे हे खोरे म्हणजे उत्तरेहून दक्षिणेत आणि समुद्राकडून वऱ्हाडात जाण्याची वाट. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेईपर्यंत येथे फारुकी सुलतानांची सत्ता होती, आणि त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर ही आमच्या रावेरच्या पलीकडेच. मोगलांनी या सुभ्याला शाहजादा दानियालच्या नावावरून दानदेश असेही म्हटले. मागाहून मराठे आले, होळकर आले, आणि १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा, पायथ्याला तडवी, नदीकाठच्या काळ्या जमिनीत गुजर आणि लेवा पाटीदार, पेठांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी, अशी वस्ती ज्या मुलखाची, त्याची बोली एकजिनसी राहणे शक्यच नव्हते; आणि ती तशी राहिली नाही हे तिचे वैगुण्य मानणे मला मान्य नाही.

जुन्या मराठी गावात कुणब्यांच्या दोन जाती असत. बाहेरून येऊन गावची जमीन कसणारा तो उपरी, आणि ज्याचा जमिनीवर पिढीजात हक्क रुजू झाला आहे तो मिरासदार. उपऱ्याला गावाने राहू दिले तरी गोतसभेत त्याला बैठक नसे. शब्दांचेही तसेच आहे. परका शब्द भाषेत येतो तो उपरी म्हणून, आणि त्याला मिरास देणारी गोतसभा म्हणजे व्याकरण. त्याला लिंग मिळाले, अनेकवचन मिळाले, विभक्तीचा प्रत्यय लागताना त्याचे अंग लवले, की त्याचा हक्क दफ्तरी नोंदला गेला असे समजावे. मग तो फारसी होता की इंग्रजी, की पोर्तुगीज, याची चौकशी व्युत्पत्तिकाराने हवी तर करावी.

रेल्वेने असे पुष्कळ उपरी आणून सोडले. १८६० च्या सुमारास लोहमार्ग भुसावळला पोचला, एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडव्याकडे निघाला, आणि एका लहानशा गावाचे मोठे जंक्शन झाले. ज्यांनी इंग्रजीचे अक्षर कधी पाहिले नव्हते अशा माणसांनी तेथे इंजिने धुतली, सांधे बदलले, रुळांखाली खडी घातली, आणि साहेबाच्या तोंडचे शब्द केवळ कानांवर विसंबून उचलले. स्टेशनचे ‘टेसन’ झाले, ऑफिसचे ‘हापिस’, लँटर्नचे ‘लालटेन’. आणि रेल्वेच्या संकेतातून मराठीला ‘हिरवा कंदील दाखविणे’ हा वाक्प्रचार मिळाला, जो आज मंत्रिमंडळाच्या निर्णयांच्या बातमीतही निःसंकोच वापरला जातो. त्यातला ‘कंदील’ अरबीतून आला. अरबीला तो ग्रीकमार्गे लॅटिनपासून मिळाला, आणि इंग्रजीतील ‘कँडल’ त्याच कुळातला. म्हणजे एकाच घराण्याची एक शाखा दरबाराच्या वाटेने आणि दुसरी लोहमार्गाच्या वाटेने येऊन, दोघांची गाठ भुसावळच्या फलाटावर पडली.

दोन भाषांचे शब्द जोडून एक शब्द करण्याची विद्याही आपल्याकडे पुरातन आहे. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, कोर्टकचेरी, पावरोटी: या प्रत्येकात दोन मुलूख शेजारी बसले आहेत. ‘कागद’ मुसलमानी अमदानीतला आणि ‘पत्र’ संस्कृत. ज्या काळात एकाच कचेरीत दोन भाषांचे लोक वावरत होते त्या काळी, एकाला एक अर्धा कळावा आणि दुसऱ्याला दुसरा, अशी ही सोय झाली असावी असे मला वाटते. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील न्यायालयांतही असेच जोड रूढ झाले, आणि मृत्युपत्राला इंग्रज वकील अद्यापि ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतो, त्यातला एक शब्द जुन्या इंग्रजीचा आणि दुसरा लॅटिन-फ्रेंच परंपरेचा. मात्र आधुनिक इंग्रजीची अनौपचारिक बोली आणखी एक प्रकार करते: ती दोन शब्दांचे लचके तोडून ते एकजीव करते. सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण मिळून ‘ब्रंच’, धूर आणि धुके मिळून ‘स्मॉग’. लुईस कॅरॉलने १८७१ मधील आपल्या पुस्तकात अशा शब्दांना, दोन कप्पे मिटून एक होणाऱ्या प्रवासी पेटीचे, ‘पोर्टमँटो’ हे नाव दिले. मराठीला हे तोडणे फारसे मानवत नाही. आपण दोन्ही पाहुण्यांना सगळ्या अंगानिशी एका पाटावर बसवितो, आणि माझा स्वभाव या दुसऱ्या रीतीकडे अधिक झुकतो, हे कबूल केले पाहिजे.

शब्दांचा हा ओघ एकाच दिशेने वाहिला, असाही समज करून घेऊ नये. जळगावहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला नाशिकच्या पुढे देवळाली लागते. एकोणिसाव्या शतकात तेथे गोऱ्या शिपायांचा मोठा तळ होता. हिंदुस्थानातील चाकरीची मुदत संपलेले शिपाई तेथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहत, आणि जहाजांचा हंगाम ठराविक असल्यामुळे ही प्रतीक्षा कित्येकदा महिनोगणती लांबे. उष्मा, आजार आणि रिकामपण यांनी काहींचे चित्त ठिकाणावर राहत नसे. अशा माणसाला त्याचे सोबती ‘डूलाली टॅप’ झाला असे म्हणत: देवळालीची ‘डूलाली’ आणि आपल्या तापाचा ‘टॅप’. चाकरीतून उद्भवलेला तो बरॅकीतला शब्द सातासमुद्रांपलीकडे गेला, आणि आजही इंग्लंडातील मनुष्य भ्रमिष्टाला ‘डूलाली’ म्हणतो, पण हे नाव नाशिकशेजारच्या एका गावाचे आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ‘मुंगूस’ मराठीतून इंग्रजीत गेला आणि तेथे त्याला इंग्रजी अनेकवचन लाभले. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांना ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकू आला, आणि यूल व बर्नेल या दोन विद्वानांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला तेच नाव दिले. शिपायाचे अशुद्ध उच्चारण कोशाच्या मुखपृष्ठावर मिरविण्यात त्या विद्वानांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

देवळालीच्या तळाला अगदी लागून भगूर आहे, आणि भगूर ही स्वातंत्र्यवीर सावरकरांची जन्मभूमी. ज्या परिसरातून एक गावठी नाव इंग्रजीत शिरले, तेथेच मराठीतून परके शब्द हटविण्याच्या चळवळीचा प्रणेता १८८३ मध्ये जन्मला. त्या चळवळीचा खान्देशाशी संबंध निकटचा आहे. १९३६ मध्ये मराठी साहित्य संमेलन जळगावला भरले, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबईच्या संमेलनाचे अध्यक्षस्थान सावरकरांकडे गेले, आणि त्याच वर्षी पटवर्धनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाला. हे पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझलेचे वृत्त आणि वळण रुजविणारे ते. १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणारेही तेच. फारसी शब्द कोठून आला, कोणत्या वाटेने आला आणि मराठीत येऊन त्याचा अर्थ कसा पालटला, हे त्यांच्याइतके जाणणारा त्या काळी विरळाच. आणि त्यांनीच पुढे त्या शब्दांना निरोप देण्याचा पुरस्कार करावा, यात मला विसंगती वाटत नाही, वेदना दिसते. पारतंत्र्यातील सुशिक्षिताला आपल्या वाक्यावाक्यात जेत्यांच्या मुद्रा उमटलेल्या दिसत होत्या, आणि त्या पुसल्याखेरीज आपले मन आपले होणार नाही असे त्याला मनापासून वाटत होते. त्या वाटण्याचा मी आदर करतो. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘हुतात्मा’ हे सावरकरांनी दिलेले शब्द आज आपण रोज वापरतो, आणि ते नसते तर मराठी दरिद्री राहिली असती.

परंतु जे शब्द टिकले ते का टिकले, याचा शोध घेतला म्हणजे कळते की जेथे नवी संस्था किंवा नवी भावना उभी राहत होती आणि तिला नाव नव्हते, तेथे हे शब्द रुजले. जेथे लोकांच्या तोंडी आधीच एक शब्द मिरासदार होऊन बसला होता, तेथे त्याला उठविणे कोणालाही साधले नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव अशी नावे रूढ करण्याचा उद्योग राज्यसत्तेच्या पूर्ण पाठबळाने झाला. तरी पुढील शंभर वर्षे महाराष्ट्राने आपल्या कर्त्या पुरुषाला पेशवा असेच म्हटले, आणि ‘पंतप्रधान’ हा शब्द खऱ्या अर्थाने लोकांच्या ओठी बसण्यास स्वतंत्र भारताचे शासन यावे लागले.

या बाबतीत मला सर्वांत अधिक शिकविले ते धुळ्याने. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला, आणि त्यांच्या दफ्तरांच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश मंडळानेच पुढे प्रसिद्ध केले. मराठीतच लिहिण्याचा निश्चय आमरण पाळणारा हा पुरुष. मराठी मुमूर्षू आहे काय, असा जळजळीत प्रश्न त्याने विचारला होता. तरी जुन्या पत्रांतील फारसी शब्द मोजताना त्यांची दृष्टी निष्ठुर मोजणीदाराची होती: शिवपूर्वकाळात ते किती दाट होते आणि मराठी राज्य स्थिरावल्यावर कसे विरळ झाले, याचा त्यांनी कागदोपत्री हिशेब मांडला. त्या हिशेबात मला दिसते ते असे की परक्या शब्दांची भरती आणि ओहोटी ही राज्याच्या, व्यापाराच्या आणि प्रतिष्ठेच्या चालीवर अवलंबून असते, आणि भाषेचा प्राण त्या भरतीने जात नाही. तो कशाने जातो, हा प्रश्न मात्र उरतोच. १९५२ मध्ये अमळनेरच्या संमेलनाचे अध्यक्षपद ‘मराठी व्युत्पत्तिकोश’कार कृ. पां. कुलकर्णी यांना मिळाले होते. म्हणजे शब्दांची कुळे शोधणारे हे तीन महापंडित, एक मृत्यूच्या आणि दोन अध्यक्षपदाच्या निमित्ताने, याच खोऱ्याशी जोडले गेले.

माझ्या चिंतेचा विषय आता सांगतो. आमच्या आजोबांच्या पिढीने मोटार उचलली आणि ती मोटारीत बसली. स्टेशनात गेली, कोर्टात उभी राहिली, बँकेत पैसे ठेवले, टेबलावर कागद ठेवला. प्रत्येक ठिकाणी परका शब्द मराठी सामान्यरूपापुढे वाकला. राज्य परिवहनाची गाडी १ जून १९४८ रोजी धावू लागली आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांची खेड्यांत ‘यष्टी’ झाली, जणू संस्कृतातूनच आली असावी. नातू मात्र ‘कारमध्ये’ बसतो, ‘ॲपमध्ये’ पाहतो, ‘लॅपटॉपवर’ लिहितो. मोटार लवली, कार ताठ उभी राहिली. प्रत्यय तिच्या अंगाला न भिडता बाहेरून टेकवला जातो. अनेकवचनाचेही तेच. फायली, बॅगा, पार्ट्या, कॉप्या अशी चाल सुरू असता, नवे शब्द ‘रील्स’, ‘मेसेजेस’, ‘फॉर्म्स’ असे आपले अनेकवचन स्वतःच्या गाठोड्यातून घेऊन येतात. याचे कारण मला असे दिसते की पूर्वीचे शब्द कानाने आले आणि आजचे डोळ्यांनी येतात. इंग्रजी न जाणणाऱ्याने ऐकलेला शब्द त्याच्या जिभेच्या पूर्ण हुकमतीत असे. इंग्रजी शिकलेल्याला त्या शब्दाचे मूळ रूप ठाऊक असते, आणि त्याला मराठी वळण देण्याचा त्याला संकोच वाटतो, जणू तसे केल्याने आपले अज्ञान उघड होईल. उपरी गावात येतच राहतील; पण गावच त्यांना सभेत बोलविण्यास भिऊ लागले, तर चिंता उपऱ्यांविषयी करावयाची नसून गावाविषयी करावयास हवी.

आणि येथे खान्देशाकडे एक अशी संपत्ती आहे, जिची किंमत खुद्द खान्देशालाच वाटेनाशी झाली आहे. अहिराणी या खान्देशच्या बोलीत ‘आत’ या अर्थी ‘मा’ हा प्रत्यय लागतो: घरमा, गावमा, शेताला वावर म्हणतात म्हणून वावरमा. तोच प्रत्यय, त्याच सहजतेने, ऑफिसमा, कॉलेजमा, मोबाईलमा असा लागतो. घरच्या शब्दाला एक नियम आणि पाहुण्याला दुसरा, असा भेद ही बोली करीत नाही, आणि त्यामुळे प्रमाण मराठीला ‘कार’पाशी जी अडचण येते ती अहिराणीला येतच नाही. ‘मन्हा मोबाईल डिसचार्ज व्हयी गया,’ असे साक्रीचा मुलगा म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात दोन शब्द इंग्रजी असूनही वाक्य आरंभापासून अखेरपर्यंत अहिराणीचेच असते. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात खान्देशीला, म्हणजे याच अहिराणीला, मराठीखाली न घालता भिल्ली बोलींच्या शेजारी स्थान दिले. तिची गुजरातीशी असलेली जवळीक त्याला स्पष्ट दिसली होती. पंडितांचा हा वाद चालू राहो. मला महत्त्वाचे वाटते ते हे की मराठी, गुजराती, भिल्ली आणि हिंदी यांच्या चव्हाट्यावर उभी असल्यामुळे मिसळण म्हणजे काय, हे अहिराणीला शिकवावे लागत नाही.

तीच बोली जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांतून निघून चालली आहे. आजी अहिराणीत विचारते, आई मराठीत सांगते, आणि मूल इंग्रजीमिश्रित हिंदीत उत्तर देते. शाळेत अहिराणीचा एक शब्द तोंडून निघाला की वर्गात हशा पिकतो, आणि ते मूल पुन्हा तो शब्द उच्चारीत नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे अठरा लाखांवर होते, आणि उधना-लिंबायतच्या कारखान्यांसाठी तापीकाठचा लोहमार्ग धरून सुरतेला गेलेल्या आमच्या लोकांनी ती तेथेही जपली आहे. पण बोलणाऱ्यांची संख्या मोठी असणे आणि बोलताना ताठ मान असणे, या भिन्न गोष्टी आहेत. मुले ‘फिल्डिंग’ म्हणतात याचे दुःख करणारे वडील, घरातून ‘मा’ आणि ‘ला’ या अर्थीचा ‘ले’ निघून गेल्याचे दुःख करताना मला क्वचितच भेटतात, आणि याची मला फार खंत वाटते.

असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तरी गावात आलेला छापखाना पाहून त्यांनी त्यावरही गाणे रचले, आणि लेवा बोलीच्या, ज्या बोलीत जळगावचे ‘जयगाव’ होते तिच्या, ओवीत ते यंत्र बिनबोभाट येऊन बसले. १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्या बोलीपुढे मान लवविली. अकरा वर्षांनी याच जिल्ह्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’त महाविद्यालयीन मुलांची सरमिसळ भाषा कादंबरीच्या मुख्य निवेदनाला दिली. दोघांनीही जे शब्द कानांवर आले तेच घेतले, पण वाक्याची सत्ता कोठेही सोडली नाही.

ज्याला ही सत्ता आजही जागती पाहावयाची आहे त्याने रावेर-सावद्याच्या केळीच्या बागांत जावे. तेथे जूनच्या आसपास लावलेली बाग ‘मृगबाग’, आणि पावसाळा सरताना लावलेली ‘कांदेबाग’. नक्षत्राचे नाव संस्कृत, बाग फारसी, आणि हा जोड कोणत्याही समितीने केलेला नाही. जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेले दुसरे पीक ते ‘पिलबाग’, आणि भावाच्या यादीत तिसऱ्या ओळीला येणारा हलका माल तो ‘वापसी’. बसराई या जुन्या वाणाच्या जागी जेव्हा उतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे आली, तेव्हा शेतकऱ्यांनी ‘टिश्यू’ हा शब्द उचलला, ‘ड्रिप’ उचलला, आणि ठिबक हा मराठी शब्दही सोडला नाही. आज बांधावर दोन्ही चालतात आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही. नव्या वाणाचे मूळ नाव फ्रेंच, ग्रँड नैन. त्याची इंग्रजी अक्षरांत आखूड झालेली खूण खान्देशाने ‘जी-नाईन’ अशी करून घेतली, आणि आता ‘यंदा जी-नाईन लावली’, ‘जी-नाईनला भाव बरा मिळाला’, ‘जी-नाईनचे घड मोठे’, अशी ती शेतकऱ्याच्या बोलण्यात सर्व विभक्त्यांतून फिरते.

हे शब्द अद्याप कोणत्याही प्रमाण कोशाच्या दृष्टीस पडावे तसे पडलेले नाहीत. भुसावळच्या यार्डातील म्हातारे खलाशी, सावद्याचे केळीचे व्यापारी, जळगावच्या जिनांतील हमाल, धुळ्याच्या बसस्थानकावरची मुले, यांच्या तोंडचे शब्द लिंगवचनासह, कोणाच्या मुखी आणि कोणत्या वाक्यात ऐकले त्या तपशिलासह, टिपून घेण्याचे काम एखाद्या तरुणाने हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. राजवाड्यांच्या धुळ्यात आणि बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठात त्याला साहाय्य मिळणे अशक्य नाही. त्याच्या वहीत ‘केटी’ असावी, ‘यष्टी’ असावी, ‘मृगबाग’ असावी. आणि ज च्या ओळीत, संकोच न करता, ‘जी-नाईन’ची नोंद असावी: स्त्रीलिंगी, केळीची एक जात, सामान्यरूप ‘जी-नाईनी-’ असे यावल तालुक्यात कोणी म्हणतात काय, हे चौकशीअंती लिहावे.